घाटावरचे उमेदवार

काशीत गंगा उत्तरवाहिनी होते आणि घाटांची सारी ओळ पूर्वेकडे तोंड करून बसलेली असते, म्हणून इथे दिवस उजाडतो तो आधी दगडावर आणि मग माणसांवर. मणिकर्णिकेकडून उत्तरेला निघावे, कललेल्या रत्नेश्वराच्या देवळाशेजारचा शिंदे घाट ओलांडावा, संकठा घाट मागे टाकावा, की थोड्याच अंतरावर नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला भोसले घाट लागतो. आणि पायऱ्यांवर उभे राहून मान वर केली की एखाद्या गढीच्या तटासारखी सरळ उठलेली दगडी भिंत दिसते, जिच्या अगदी माथ्यावर तेवढ्या लहान लहान नक्षीदार खिडक्या आहेत. गेल्या वैशाखात त्यांतल्या एका खिडकीखालच्या दगडी पट्टीवर घारीचे एक पिल्लू बसलेले मला दिसले. त्यानंतरचे तीन आठवडे, स्नानसंध्येसाठी नव्हे तर केवळ त्या पिल्लाची प्रगती पाहण्यासाठी, मी रोज सकाळी त्या घाटावर हजेरी लावू लागलो.

हजेरी हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. आपल्या जुन्या कचेऱ्यांत उमेदवार नावाचा एक वर्ग असे. त्याला मुशाहिरा नाही, हुद्दा नाही. पण रोज वेळेवर दफ्तरात यावे, कारकुनाच्या पाठीमागे उभे राहून खर्ड्यांच्या नकला कराव्यात, आणि कुठे जागा रिकामी होईपर्यंत घरच्या भाकरीवर दिवस काढावेत, असा त्याचा शिरस्ता. पंख फुटले आहेत, उडताही येते, पण पोट मात्र अजून आईबापांच्या फेऱ्यांवर अवलंबून आहे, अशा अवस्थेतले शिकारी पक्ष्याचे पिल्लू हे अगदी या उमेदवारासारखे असते. आणि त्याची ती उमेदवारी कशी सरते, हे पाहण्यासारखे आहे.

वस्तुतः माझ्या मनात होता तो दुसराच पक्षी. युरोप-अमेरिकेच्या मोठमोठ्या शहरांतून मे-जूनच्या सुमारास उंच इमारतींच्या तळाशी दुर्बिणी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांविषयी मी वाचले होते: वर कुठेतरी विसाव्या-तिसाव्या मजल्याच्या कंगोऱ्यावर बहिरी ससाण्याची पिले पंख झाडीत असतात, आणि पहिल्या उड्डाणात त्यांपैकी एखादे रस्त्यावर येऊन पडले तर मोटारीखाली सापडण्यापूर्वी त्याला उचलावे म्हणून ही मंडळी आळीपाळीने पहारा करतात. बहिरी आपल्याकडेही येतो. आर्क्टिकच्या तुंद्रा प्रदेशात वीण घालणारे त्याचे बांधव हिवाळ्यात भारतात उतरतात, नद्यांकाठी आणि शहरांतही दिसतात, आणि वसंतात परत जातात. आपल्या मुलखात कायम राहून इथेच पिले वाढवतो तो त्याचा धाकटा, काळसर पाठीचा आणि तांबूस पोटाचा भाऊ, शाहीन. आणि त्याचे घर म्हणजे सह्याद्रीचे उभे काळे कडे. काशीच्या घाटावर माझ्या वाट्याला आली ती घार, जिला आपण इतके नेहमी पाहतो की पाहतच नाही.

या दोन पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांच्या हकिकतीही मनोरंजक आहेत. शाहीनाचे पहिले शास्त्रीय वर्णन सुंदेवाल नावाच्या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाने १८३७ साली केले, आणि ते ज्या पक्ष्यावरून केले तो सिंहलद्वीप आणि सुमात्रा यांच्या दरम्यान, निकोबार बेटांपासून सुमारे सत्तर सागरी मैलांवर, एका जहाजावर पकडला गेलेला कोवळा पक्षी होता. म्हणजे उमेदवारीच्या वयात भटकत भर समुद्रात गेलेल्या एका पोरामुळे सबंध जातीला नाव मिळाले. आपल्या घारीला त्याच्या पाच वर्षे आधी, १८३२ मध्ये, नाव दिले ते कर्नल साइक्स यांनी. मुंबई सरकारच्या हुकुमाने दख्खनची पिके, खानेसुमारी, हवापाणी यांची मोजदाद करीत हिंडणाऱ्या या गृहस्थाने पक्ष्यांचीही यादी केली, आणि इथल्या घारीला नाव ठेवले ‘गोविंदा’. आजही शास्त्राच्या दफ्तरी भारतीय घारीची ही उपजात ‘गोविंदा’ म्हणूनच नोंदलेली आहे. दख्खनमध्ये बारसे झालेला हा गोविंदा नागपूरकरांच्या काशीतल्या वाड्यावर बसलेला पाहताना, मराठी माणसाला थोडे घरच्यासारखे वाटावे हे साहजिक आहे.

घरटे भिंतीत नव्हते. ते घाटामागच्या गल्लीतल्या एका जुन्या पिंपळाच्या दुबेळक्यात होते. घारीचे घरटे म्हणजे स्थापत्याचा नमुना नव्हे: काटक्यांचा एक ओबडधोबड ढीग, आणि त्यात चिंध्या, कागद, सुतळी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जे सापडेल ते अस्तर म्हणून कोंबलेले. हिवाळ्याच्या उत्तरार्धात त्यात दोन किंवा तीन अंडी घातली जातात. सुमारे महिनाभर बहुतांशी मादी ती उबवते आणि नर शिधा पुरवतो. आणि मग सहासात आठवडे, क्वचित त्याहून अधिक, पिले त्या ढिगाऱ्यात वाढतात. वाढलेले पिल्लू आकाराने आईएवढेच दिसते, पण ओळखू येते: डोक्यावर आणि छातीवर फिकट बदामी रंगाचे फराटे असतात, जणू काही कोणी नव्या अंगरख्यावर पीठ सांडले आहे, आणि शेपटीची ती सुप्रसिद्ध खाच अजून पुरती पडलेली नसते. जवळून दुर्बिणीतून पाहिले तर डोळे तपकिरी दिसतात. आपण निळसर-करड्या डोळ्यांना ‘घारे’ म्हणतो, पण प्रत्यक्ष घार काही घाऱ्या डोळ्यांची नाही.

उडायला शिकणे म्हणजे घरट्यातून एके दिवशी झेप घेणे, अशी आपली कल्पना असते. ती चुकीची आहे. झेपेच्या कितीतरी दिवस आधीपासून पिल्लू घरट्याच्या काठावर उभे राहून वाऱ्याकडे तोंड करते आणि पंख झडझडवते. पंजांनी काटकी घट्ट धरलेली असते, कारण हवा आपल्याला उचलते आहे हे त्याला समजते आणि उचलले जावे असे अद्याप वाटत नाही. मग ते या फांदीवरून त्या फांदीवर अर्धवट उडी आणि अर्धवट उड्डाण करू लागते. पुढे एका दिवशी, पूर्वेकडचा वारा सुटलेला असताना, ते पिंपळ सोडून वाड्याच्या माथ्यावर येते. या पूर्वेच्या वाऱ्याला तिकडे ‘पुरवा’ म्हणतात. पलीकडच्या तीरावर वाळूचे विस्तीर्ण मैदान आहे, तिथून नदी ओलांडून येणारा पुरवा थेट घाटाच्या भिंतीवर आदळतो, आणि पुढे जायला वाट नसल्यामुळे वर चढतो. त्या चढत्या हवेवर पंख नुसते पसरले तरी पक्षी तरंगतो. सह्याद्रीच्या कड्यावर पश्चिमेचा वारा जे काम करतो तेच इथे पुरवा करतो. आणि काशीचे वाडे ज्या दगडाचे आहेत तो चुनारच्या डोंगरातून नावांनी वाहून आणलेला, म्हणजे कडाच नदीने शहरात आला असे म्हटले तरी चालेल. पक्ष्याच्या लेखी इमारत आणि कडा हा भेद नाही. त्याला हवी असते उंची, आडोसा आणि वर चढणारा वारा.

तरंगणे त्यामुळे लवकर साधते. साधत नाही ते उतरणे. माझ्या उमेदवाराने तिसऱ्या का चौथ्या दिवशी घाटियाच्या बांबूच्या छत्रीवर उतरण्याचा मनसुबा केला. तो आला मोठ्या डौलाने, पण वेग वेळेवर न आवरल्यामुळे छत्रीच्या कडेवर आपटला. छत्री एका बाजूला कलंडली, पिल्लू दुसऱ्या बाजूला घसरले, आणि खाली बसून यजमानाकडून संकल्प सोडवून घेणाऱ्या घाटियाने मंत्र न थांबवता डाव्या हाताने काठी सावरली. पिल्लाने पुन्हा वाड्याचा माथा गाठला आणि बराच वेळ ते नदीकडे पाठ करून बसले. पक्ष्यांना लाज वाटते असे शास्त्र सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

या सगळ्या काळात त्याचे अन्न बाहेरून येत असे. आईबापांपैकी कोणीतरी पंज्यात काहीतरी घेऊन लांबून दिसले, की पिल्लू त्या पातळ, कापऱ्या, शिटीसारख्या आवाजात आक्रोश सुरू करी. पायऱ्यांवर रोज वर्तमानपत्र घेऊन बसणारे ब्रह्मा घाटाकडचे एक वृद्ध मराठी गृहस्थ होते. त्यांच्या घराण्याला काशीत कित्येक पिढ्या झालेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीला बनारसी हेल होता. मी त्यांना विचारले, “काका, ही आई पिल्लाला शिकवते तरी कशी हो?”

“शिकवते कुठली!” ते म्हणाले. “ती नुसती उशीर करते. काल मासा नऊला आला होता. आज बघा, साडेदहा वाजायला आले. उद्या आणखी उशीर करील.”

एवढे बोलून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. पण शिकारी पक्ष्यांच्या शिक्षणाविषयी यापेक्षा नेमके वाक्य मी ऐकलेले नाही. आरंभी अन्न पुष्कळ आणि वेळेवर येते. मग फेऱ्या विरळ होतात. आणि दोन फेऱ्यांमधल्या त्या लांबत जाणाऱ्या रिकाम्या वेळात भूक स्वतःच गुरू होऊन उभी राहते. मग पिल्लू हलणाऱ्या प्रत्येक वस्तूची चौकशी करू लागते. एके सकाळी ते पाण्यावर खाली आले, आणि पायऱ्यांपासून सात-आठ हातांवर तरंगणारी झेंडूची एक माळ त्याने पंज्यात उचलली. मी इतका जवळ होतो की माळेवरून ठिबकणारे पाणी दिसत होते. घारी उडता उडताच पंजा चोचीपाशी नेऊन खातात. ही रीत त्याला उपजत ठाऊक होती. त्याने डोके वाकवले, एक फूल तोडले, ते तसेच सोडून दिले, दुसरे तोडले, तेही सोडले. मग पंजा उघडला आणि माळ मणिकर्णिकेवरून आलेल्या राखेच्या पट्ट्यावर परत पडली. त्यानंतर पानांचा एक द्रोण, मग लाकडाची एक ढलपी, असे त्याचे प्रयोग अर्धा तास चालले. खाण्याजोगे त्यात काहीच नव्हते. पण सूर किती खोल मारायचा, पाय केव्हा पुढे करायचे आणि पंख ओले न होता वर कसे यायचे, हे सारे त्यात होते. नवव्या दिवशी त्याच जागी त्याने बोटभर लांबीचा एक मेलेला मासा उचलला, आणि या वेळी पंजा उघडला नाही.

शाहीन-बहिरीची तालीम याहून कठीण, कारण त्यांना बहुधा उडता पक्षी उडत असतानाच धरायचा असतो. सूर मारताना बहिरीचा वेग ताशी तीनशे किलोमीटरांच्या पलीकडे जातो. असल्या वेगात चूक करणे परवडत नाही. त्याची पिले साधारण सहा आठवड्यांची झाली की कडा सोडतात. मग भावंडेच एकमेकांचा पाठलाग करतात, हवेत उलटी होऊन पंजे भिडवतात, चतुरासारखे कीटक धरून पाहतात. आईबाप भक्ष्य घेऊन येतात ते पूर्वीसारखे जाग्यावर आणून देत नाहीत, तर उंचावर सोडून देतात, आणि ते खाली पडण्यापूर्वी पिल्लाने झेलावे लागते. हे पाहून कोणालाही वाटेल की हा पाठच दिला जात आहे. परंतु ज्यांचे आईबाप मुळी नव्हतेच अशा पिल्लांची एक मोठी कैफियत उपलब्ध आहे, आणि तिचा निकाल काकांच्या बाजूने लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी कीटकनाशके शेतांतून किड्यांत, किड्यांतून पाखरांत आणि पाखरांतून ससाण्यांत साठत गेली. अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवतानाच फुटू लागली. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली संग्रहालयांतली जुनी अंडी आणि नवी अंडी तोलून ही गोष्ट सिद्ध केली. अमेरिकेच्या पूर्व भागातून तर बहिरी नाहीसाच झाला. १९७० साली कॉर्नेल विद्यापीठातील टॉम केड यांनी पेरेग्रिन फंड ही संस्था काढली, बंदिस्त जागेत ससाण्यांची वीण घडवून आणली, आणि ती पिले मोकळी सोडण्यासाठी बाजदारांची एक जुनी युक्ती वापरली: उंच जागी एक पेटी ठेवायची, माणूस न दिसता तिच्यात रोज अन्न टाकायचे, पिले उडू लागली तरी ते अन्न चालू ठेवायचे, आणि ती स्वतः शिकार करून परतेनाशी झाली की थांबायचे. रानातल्या कड्यांवर मोठी घुबडे ही पिले मारून टाकीत, म्हणून पुढे पुष्कळशा पेट्या शहरांतल्या उंच इमारतींवर ठेवण्यात आल्या, जिथे घुबडे नव्हती आणि पारवे मात्र अमाप होते. त्या पिलांना पाठ देणारे कोणी नव्हते. होता तो केवळ शिधा, आणि मग शिध्याची गरज संपेपर्यंतचा अवकाश. आणि तेवढ्यावर ती शिकली. १९९९ साली बहिरी ससाण्याचे नाव अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीतून काढून टाकण्यात आले.

आपल्या जुन्या बाजदारांना हे मर्म ठाऊक होते. घरट्यातून उचलून आणलेल्या पिल्लाला फारसी परिभाषेत ‘आशियानी’ म्हणत; ते माणसाळते लवकर, पण ज्याने रानात स्वतःच्या भुकेवर काही महिने काढले आहेत अशा पक्ष्याची सर त्याला येत नाही, हा त्या धंद्यातला अनुभव. कुमाऊंच्या रुद्रदेवाने श्येनपालनावर संस्कृतात ‘श्यैनिकशास्त्र’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला, आणि हरप्रसाद शास्त्रींनी १९१० साली तो संपादून प्रसिद्ध केला. राजदरबारी हा केवळ षोक नव्हता, विद्या होती.

घार कोणत्याही दरबाराने पाळली नाही. तिने मात्र शहरे पाळली. साठोत्तर काळात गालुशिन नावाच्या रशियन पक्षितज्ज्ञाने दिल्लीत मोजदाद केली, तेव्हा त्याला घारींच्या दोन हजारांवर जोड्या आढळल्या. शिकारी पक्ष्यांची इतकी दाट वस्ती जगात क्वचितच कोठे असेल. कारण उघड आहे: खाटीकखाने, मासळीबाजार, उकिरडे, उंदीर, आणि पुण्य म्हणून घारींना मांस टाकणारी माणसे. दाट वस्तीचा एक परिणाम असा की शेजार जवळ असतो. स्पेनमधल्या दोन्यानाच्या अरण्यात अभ्यासकांना असे दिसले आहे की नुकती उडू लागलेली घारीची पिले कधी कधी शेजारच्या घरट्यावर जाऊन बसतात, आणि तिथली जोडी त्यांना आपलीच समजून भरवते. दत्तकाचा हक्क न मानता कंपनी सरकारने ज्या घराण्याचे राज्य १८५४ साली खालसा केले, त्याच घराण्याच्या घाटावर बसून हे आठवले की वाटते, गोविंदाच्या मुलखात दत्तकविधान याहून सोपे आहे. त्याला कलकत्त्याची मंजुरी लागत नाही.

तथापि या उमेदवारीत बडतर्फी पुष्कळ आहे. बहिरीची निम्म्याहून अधिक पिले पहिले वर्ष पुरे करीत नाहीत, आणि घारीच्या पिलांपुढचे धोकेही थोडे नाहीत: उन्हाची झळ, विजेच्या तारा, आणि सर्वांत कपटी म्हणजे मांजा. सुती दोरा ताण पडला की तुटतो. नायलॉनचा तुटत नाही, पंख तोडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली अशा कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. पण काशी ही पतंगांची नगरी आहे, आणि पिंपळाच्या शेंड्याला लटकणारे ते चकाकते धागे मी रोज पाहत होतो. भोसले घाटावर यमेश्वर आणि यमादित्य यांची देवळे आहेत, आणि चार पावलांवर मणिकर्णिकेची चिता कधी विझत नाही; तिथल्या उष्ण हवेवर घिरट्या घालणाऱ्या प्रौढ घारींकडे पाहताना, त्यांतली प्रत्येक घार या परीक्षेतून उतरलेली आहे, ही गोष्ट ध्यानात आली तर तो नित्याचा देखावा नित्याचा राहत नाही. जुन्या काठावर गिधाडेही असत. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने ती देशभर मेली, आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली तेव्हा बहुतेक सारे आटोपले होते. घार उरली, म्हणून तिला सामान्य म्हणावे हे आपले औद्धत्य आहे.

ज्येष्ठ निम्मा झाला तेव्हा मी शेवटचा घाटावर गेलो. पुरवा चांगलाच सुटला होता. अकराच्या सुमारास रामनगरच्या बाजूने नदीवरून एक घार आली. पंज्यात मासा होता. ती वाड्याच्या माथ्यावरून एकदा फिरली, खिडकीखालच्या त्या पट्टीवर जराशी टेकली, पुन्हा उठली, पिंपळावर जाऊन आली. शिटी आली नाही. मी आकाश धुंडाळले; मणिकर्णिकेवरच्या त्या चक्रात दहाबारा घारी होत्या, आणि त्यांत बदामी फराट्यांच्या एकदोन असतीलही, पण एवढ्या उंचीवर ते फराटे दिसत नाहीत.

काकांनी वर्तमानपत्रावरून मान वर केली. “आज फार उशीर केलान,” ते म्हणाले.

घार पट्टीवर परत येऊन बसली, आणि थोड्या वेळाने तिने तो मासा स्वतः खाल्ला.